नॉर्मल, पुरुष, एक्कावन्न

"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की टेबलावर मान कलती करून पडलेला हा माणूस पेशंट नाही, आपला नवरा आहे. बावीस वर्षांत हे दोन शब्द तिने इतक्या वेळा उच्चारले होते की आता ते तोंडातून बाहेर पडताना तिची परवानगीही मागत नसत. कुणी विचारायचं, काय हो बाई, बरं आहे ना सगळं, आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवता ती म्हणायची, डॉक्टर सांगतील. नियमच तसा होता. टेक्निशियनने मानेवर जेल लावायचं, प्रोब फिरवायचा, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढायची, त्यांच्या भिंतींची जाडी मोजायची आणि तोंडाला कुलूप लावून पुढच्या माणसाला आत बोलवायचं. नवऱ्याने नुसतं मजेत विचारलं होतं, "काय गं, कसं काय आतलं?" आणि तिच्या उत्तरावर तो हसला. मशीन शिकवायला आलेली कंपनीची बाई हसली, भिंतीला टेकून उभ्या दोघी शिकाऊ मुलीही हसल्या. बाईंनी घरच्या माणसालाही सोडलं नाही, असं त्यांना वाटलं. तीही हसली, दुसरं करणार काय? पण प्रोब धरलेला हात मात्र जिथे होता तिथेच राहिला, कारण पडद्यावर त्या जागी जे दिसत होतं ते दिसायला नको होतं.

तो तिथे आला कसा, हेच आठवून तिचं डोकं फिरत होतं. नवं मशीन आलं की पहिलं चित्र आपल्यापैकीच कुणाच्या तरी निरोगी मानेचं काढायचं, ही त्या विभागाची जुनी पद्धत. त्याला सगळे 'पहिली मान' म्हणत. ते चित्र मशीनमध्ये कायमचं राहायचं, नव्या मुलींना दाखवायला, की बायांनो, बिघडलेलं ओळखायचं असेल तर धडधाकट काय असतं ते आधी बघून घ्या. मागच्या मशीनमध्ये चौदा वर्षं तिचीच मान होती. आता त्या मानेला दोन वळ्या पडलेल्या, त्यात थायरॉइडची गाठ, तेव्हा रिसेप्शनवालीच म्हणाली, "अहो बाई, मिस्टरांना बोलवा की तुमच्या! केवढे बारीक झालेत! मागे दारात तुमची वाट बघत उभे होते ना, मी ओळखलंच नाही." नवऱ्याला तेवढंच हवं होतं. तो बस खात्यात वेळापत्रकं करतो, तीस वर्षांत एकदाही वेळेवर घरी आलेला नाही, पण आज दहाच्या ठोक्याला हजर. नवा शर्ट, वरची दोन बटणं आधीच उघडलेली. आणि मग ती चूक. मशीन नाव टाकल्याशिवाय पहिलं चित्र साठवून घेत नव्हतं. कंपनीची बाई म्हणाली, काहीही टाका, नंतर बदलता येतं. ती एक रेघ टाकू शकली असती. 'चाचणी' लिहू शकली असती. पण पहिल्या मानेखाली जे लिहायचं ते तिची बोटं जाणून होती. प्रोबला अजून जेलही लागलेलं नसताना तिने टाइप केलं: नॉर्मल, पुरुष, एक्कावन्न.

डावी बाजू सुरेख होती. दोन सरळ कडा, मधे काळं स्वच्छ अंतर, शिकाऊ मुली वहीत काढतात तशी. कंपनीच्या बाईने तेवढ्यात बटण दाबून ते चित्र साठवलंही आणि छापायलाही टाकलं. मग उजवी बाजू. मुख्य नळी जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे मागच्या भिंतीवर एक उंचवटा, पसरट, करडा, वरून गुळगुळीत. तिने प्रोब पुढे नेला, परत आणला. असतंच तिथे. मुलींना बटणं दाखवण्याच्या निमित्ताने तिने दोन टोकांना खुणा लावल्या. दोन पूर्णांक एक मिलिमीटर. रक्ताची वाट अडत नव्हती, वाहतं रक्त ऐकवणाऱ्या डॉपलरचा तो सूं-सूं आवाज अगदी नियमित होता, पण उंचवटा तो उंचवटाच. दिवसाला असे सात-आठ बघते ती. त्यांतला एकही कधी संध्याकाळपर्यंत लक्षात राहिला नव्हता. नवरा मात्र जेल पुसून, कॉलर सारखी करून, मुलींना, "तुम्हीपण सोडून बघा पाव आणि साखर, सहा महिन्यांत फरक," असं सांगून मोकळा झाला, आणि कंपनीच्या बाईने मशीनमधून निघालेला कागद मोठ्या कौतुकाने त्याच्या हातात ठेवला. डाव्या बाजूचं चित्र, खाली ठसठशीत अक्षरांत ते तीन शब्द. त्याने तो खिशात ठेवला नाही, हातातच धरून नेला. तिने त्याला बाजूला नेऊन कागद हिसकावून घ्यायला हवा होता. पण पुढची म्हातारी चाकाच्या खुर्चीत दारात येऊन थांबली होती, आणि तिच्यासाठी टेबलावर नवी चादर अंथरावी लागली.

जेवणाच्या सुट्टीत मोठ्या डॉक्टरीणबाईंना चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं आणि विचारलं, "कुणाचं?" तिने सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम खाली आला, आणि तिला त्याचाच राग आला. दुसऱ्यांच्या बाबतीत हा आवाज खाली येताना तिने शंभरदा ऐकला होता. घाबरण्यासारखं नाही, त्या म्हणाल्या, पण एक्कावन्नाव्या वर्षी दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. सोमवारी घेऊन ये, रक्त तपासू, कोलेस्टेरॉल बघू. खातात काय? काय खातात! तिने बोटांवर मोजत सांगितलं. लोणी. अंडी. चीज. मांस, चरबीसकट. पुन्हा लोणी. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "सरळ हिशेब नाहीये तो," त्या म्हणाल्या. "साखर ताब्यात येते, वजन उतरतं, रक्तदाबही उतरतो, धमन्यांना ते बरंच. पण काहीजणांचं वाईट कोलेस्टेरॉल आभाळाला जातं, विशेषतः बारीक झालेल्यांचं. तेच भिंतीत शिरतं. अजून अभ्यास चालू आहेत, छातीठोक कुणी बोलत नाही. आणि यांचा हा उंचवटा दहा वर्षं जुना असेल, कुणी सांगावं? आधीचं चित्र आहे का?" आधीचं चित्र नव्हतं. "सांगणार कोण, तू की मी?" तिच्या तोंडून निघून गेलं, "मी." का म्हणाली कुणास ठाऊक. बावीस वर्षांत ज्या एका गोष्टीपासून नियमाने तिला वाचवलं होतं तीच गोष्ट तिने आपणहून ओढवून घेतली.

दवाखान्यातून ती पायीच निघाली. बसमध्ये बसलं की डोक्यातलं सगळं ढवळून वर येतं, चालताना निदान पाय तरी दुखतात. दोन वर्षं. दोन वर्षं त्या घरात लोण्याशिवाय विषय नव्हता. सुरुवात झाली ती एका सकाळी. तो ओट्याशी उभा राहून कॉफीत लोण्याचा चमचा ढवळत होता, वर लोण्याचे पिवळे ठिपके तरंगत होते, आणि तिने कपाळावर हात मारून विचारलं होतं, "हे काय आता?" तर म्हणे, शरीराला साखर जाळायची सवय लागलेली असते, ती मोडून चरबी जाळायला शिकवायचं. ठीक आहे, ती म्हणाली, महिनाभर टिकेल. योगासनं महिनाभर टिकली होती, व्यायामाची सायकल तर तीन आठवडे, अजून तिच्यावर टॉवेल वाळतात. पण हे टिकलं. वेळापत्रकवाल्या माणसाला वेळापत्रक सापडलं. भिंतीवर तक्ता लागला, रोज बोट टोचून चरबी किती जळतेय त्याचा आकडा त्यात भरला जाऊ लागला, आकडा चढला की हिरवी खूण, पडला की घरादारावर सुतक. पाहुण्यांकडे गेलं की हा पठ्ठ्या टेबलावरचा पाव असा दूर सारणार की बनवणारीला वाटावं आपण विष ठेवलं. मग फोनवरची ती मंडळी आली, त्रेचाळीस जण, ज्यांना तिने पहिल्याच आठवड्यात लोणीमंडळ असं नाव दिलं. मंडळाचा प्रमुख कुणी एक निवृत्त विमा एजंट, तो रोज सकाळी सहाला संदेश टाकायचा की डॉक्टरांना आहारातलं काही कळत नाही. तिने हात टेकले. ती स्वतःपुरता बटाटा उकडायची आणि उभ्याउभ्या खाऊन टाकायची, चोरून खाल्ल्यासारखा, स्वतःच्या घरात.

आणि तरीही त्याला बोलायला तिच्यापाशी जागा नव्हती, हेच तर सगळ्यात चीड आणणारं. अठरा किलो उतरले होते. साखरेच्या दोन गोळ्या होत्या, दोन्ही बंद झाल्या, त्याच्या डॉक्टरांनीच बंद केल्या. घोरणं थांबलं, सुरुवातीला त्या शांततेने तिलाच जाग यायची, आणि ती कुशीवर वळून त्याचा श्वास चालू आहे ना ते ऐकत पडायची. गुडघे धरून जिना चढणारा माणूस आता दोन-दोन पायऱ्या घेत वर जायचा. चुकलं कुठे म्हणायचं? ती आपली कामावर दिवसभर जाड झालेल्या भिंती मोजायची, घरी येऊन फ्रिज उघडायची, आत लोण्याच्या विटा रचलेल्या दिसायच्या, आणि काही न बोलता फ्रिज बंद करायची. जे बोलायची ते टोमणे. "आज काय, लोण्याला लोणी लावून?" असले. एकदाही तिने त्याला सांगितलं नाही की ये, पाच मिनिटं पड माझ्यासमोर, मला बघू दे. बावीस वर्षं गावातल्या सगळ्यांच्या माना बघितल्या, घरातली एक राहिली. मोची अनवाणी असतो तसलंच हे, पण मोच्याला निदान आपले पाय दिसतात. फुटपाथवर थांबून तिने चप्पल झटकली, आत खडा नव्हताच.

कोपऱ्यावरच्या दुकानात साबण घेताना फोन थरथरला. दुसऱ्या गावात शिकणारी मुलगी. 'आई, बाबांनी पाठवलं! कसलं भारी! तुझ्याकडून सर्टिफिकेट मिळवणं म्हणजे काय खायचं काम आहे का!' खाली तो फोटो. डाव्या बाजूच्या दोन सरळ कडा, ते तीन शब्द. तिने विचारलं, फक्त तुलाच पाठवलं का? मुलीने लिहिलं, 'छे, सगळीकडे. त्यांच्या ग्रुपवरही टाकलंय, लोक वेडे झालेत.' त्रेचाळीस जण. त्यांतल्या किती जणांनी आज संध्याकाळी डबल लोणी खाल्लं असेल, या मोठ्या दवाखान्यातल्या बाईने, स्वतः बायकोने, लिहून दिलंय म्हणून? दुकानदार सुट्टे विचारत होता आणि ती त्याच्याकडे बघत नुसती उभी होती. चित्र खोटं नव्हतं. डावी बाजू खरंच तशी होती. तिने आयुष्यात एकही आकडा खोटा लिहिला नव्हता, एक दशांश मिलिमीटर इकडचा तिकडे केला नव्हता, आणि खोटं लिहिलं ते असं, एका दमात, सगळ्या जगासमोर.

घरी आली तर तो ओट्याशी फ्लॉवर किसत होता, शीळ घालत. कागद फ्रिजच्या दारावर, बरोब्बर डोळ्यांच्या उंचीला.

"आलीस? बघ, कुठे लावलंय. आपला एजंट म्हणाला, फ्रेम करून घ्या."

"ते काढ तिथून."

"का गं?"

"खाली लिहिलंय ते बरोबर नाही."

"तूच लिहिलंस ना?"

"मीच लिहिलं." तिने पिशवी खाली ठेवली. दवाखान्यात हे कसं सांगतात? डॉक्टरीणबाई आधी खुर्ची देतात, मग पाणी, मग नातेवाईक कोण आहेत विचारतात. इथे नातेवाईक तीच होती आणि खुर्चीवर फ्लॉवरची पानं ठेवलेली होती. "हे डाव्या बाजूचं आहे. उजवीकडे एक उंचवटा आहे. चरबीचा साका बसतो ना भिंतीत, तसला. दोन मिलिमीटर आणि किंचित."

तो हसलाच आधी. "दोन मिलिमीटर! अगं, दोन मिलिमीटरने काय होतंय?"

"ज्या नळीत आहे ती सगळी मिळून सहाची आहे."

किसणी थांबली. मग तिने अपेक्षिलं होतं तेच सुरू झालं, एजंटचा आवाज, एजंटचे शब्द. लोण्यामुळे असं होतच नाही, खरा शत्रू साखर, डॉक्टर लोकांना गोळ्या विकायच्या असतात. तोंडाचा पट्टा चालू. ती ऐकत राहिली. तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि कशावर ओरडायचं तेच नक्की नव्हतं.

"मी कुठे म्हणतेय लोण्यामुळे झालं?" ती शेवटी म्हणाली. "मला माहीतच नाही. आधी बघितलं असतं तर कळलं असतं, वाढलं की तेवढंच आहे. आधी बघितलंच नाही."

"मग नॉर्मल कशावरून लिहिलंस?"

"ते मशीन सुरू करताना लिहिलं. तुला हात लावायच्या आधी."

"न बघता?"

"न बघता."

त्याने किसणी बाजूला ठेवली. हात धुतले, पुसले, बराच वेळ पुसत राहिला. मग टेबलाच्या खणातून, बिलांच्या खालून, एक दुमडलेला कागद काढून त्याने तिच्यासमोर ठेवला. रक्ताचा रिपोर्ट. पाच महिन्यांपूर्वीचा, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका प्रयोगशाळेतला. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे ऐंशीच्या वर, शेजारी लाल खूण. तिने तारीख पुन्हा वाचली.

"पाच महिने? हे तू पाच महिने लपवलंस?"

"मंडळात विचारलं. म्हणाले, बारीक माणसांचं वाढतंच, ते वेगळं असतं."

"मंडळात विचारलंस! मी काय मेले होते? दिवसभर करते काय मी दुसरं?"

"तुला दाखवलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? खा अजून लोणी, हेच ना?" त्याचा आवाज चढला नव्हता. "दोन वर्षं झाली. अठरा किलो. तू एकदा तरी म्हणालीस का, बरा दिसतोस म्हणून? त्या रिसेप्शनवालीने म्हटलं तेव्हा तुला कळलं. आज सकाळी वाटलं, चला, निदान आता तरी बघेल. म्हणून सुट्टी टाकून आलो."

तिने त्याच्याकडे बघितलं. गाल आत गेले होते, गळ्याखालचं कातडं सैल होऊन लोंबत होतं, आणि उघड्या दोन बटणांमधून उजव्या बाजूची नस उडताना स्पष्ट दिसत होती. हा माणूस इतका म्हातारा झाला होता, आणि तिला वाटत होतं तो नुसता बारीक झाला आहे.

"कशासाठी केलं हे सगळं?" तिने विचारलं. दोन वर्षांत हा प्रश्न तिने टोमणा म्हणून पन्नासदा विचारला होता. आता तिला उत्तर खरंच हवं होतं.

"बाबा बावन्नाव्या वर्षी गेले," तो म्हणाला. "सकाळी दाढी करताना. अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच. मला फक्त त्र्याण्णव किलोचा, गोळ्या खाणारा बावन्न वर्षांचा माणूस व्हायचं नव्हतं. एवढंच." मग त्याने स्वतःच्या मानेवर, चुकीच्या जागी, हात ठेवला. "त्यांचंही इथेच होतं का?"

"माहीत नाही."

"तुला कळत असेल ना, अंदाजाने तरी."

"त्यांचं कुणी बघितलंच नव्हतं रे."

तिने त्याची बोटं धरून थोडी वर सरकवली, जबड्याखाली, खऱ्या जागी. तिथे ठोके लागत होते. दोघांचीही बोटं तिथे होती आणि तिला अजून राग येत होता, एजंटचा, त्या कागदाचा, खणातल्या पाच महिन्यांचा, स्वतःचा तर सगळ्यांत जास्त. आणि हात काढून घ्यायचा म्हटलं तर निघत नव्हता.

"सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बोलवलंय," ती म्हणाली. "साडेनऊला. रक्त घेतील, उपाशी यायचं."

"उपाशी राहण्याबद्दल मला शिकवू नकोस," तो म्हणाला, आणि तिला हसू आलं, नको त्या वेळी, नाकातून. तोही हसला. मग त्याने फोन उचलला, मंडळासाठी काहीतरी लिहायला घेतलं, दोन शब्द लिहून पुसले, पुन्हा लिहिले आणि फोन तिच्यापुढे धरला. 'तो फोटो खरा धरू नका. तपासणी पुन्हा होणार आहे.' तिने मान हलवली. त्याने पाठवून दिलं. लगेच फोन थरथरू लागला, एकामागून एक, त्याने तो पालथा घालून ठेवला.

"चित्र पुन्हा तूच काढणार ना?" त्याने विचारलं.

"मी काढते, नाहीतर दुसरी कुणी काढेल. तुला नको असेल तर."

"तूच काढ," तो म्हणाला. "फक्त या वेळी आधी बघ. मग लिही."